आडवी लादी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी लुआन दहाय नदीकाठच्या मैदानात गुडघ्यांवर बसून आपल्या लादीवर रात्रीत साचलेला बर्फाचा भुरका हातमोज्याने पुसत होता. उजाडायला अजून वेळ होता. तो खाच शोधत होता.

सोंगहुआ नदीतून बर्फाची लादी कापून काढतात तेव्हा कापणारे तिच्या वरच्या अंगाला कुऱ्हाडीने बोटभर खाच पाडतात. नदी वरून खाली गोठत जाते, त्यामुळे बर्फाची वीण उभ्या काड्यांची जुडी बांधल्यासारखी होते. खाच वर असली की काड्या उभ्या. मग घोड्याचा पाय कोरा नाहीतर बगळ्याची मान, ती टिकते. लादी कुशीवर पडली की काड्या आडव्या होतात, आणि आडव्या काड्यांची मान दोन दिवस नीट उभी राहते, तिसऱ्या दिवशी ऊन लागलं की जाते. दाशीतुन गावात हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाच बघायचं काम एकाच माणसाचं असतं, लादी लावणाऱ्याचं; या मैदानात ते दहायचं. त्याने ‘बरोबर आहे’ म्हटलं की बाकीचे छिन्नी उचलतात. पुन्हा वाकून बघणं हा त्याचा अपमान समजला जातो.

दहायची खाच वर होती. त्याने ती अंगठ्याने दाबून बघितली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे त्याच्या बायकोची लादी यायची होती.

लुआन दहाय अठ्ठावन्न वर्षांचा आहे. गावाला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरवर त्याने नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. बुटका, रुंद, भुवया पांढऱ्या. हिवाळी जत्रेतल्या घरगुती स्पर्धेत तो नऊ वर्षं पहिला आला आहे. नियम असा की एका संघात एकाच घरातली किमान दोन माणसं हवीत, आणि पहिल्या आलेल्या घराला पुढच्या वर्षीच्या जत्रेचं बर्फाचं गेट कोरायचा मान. बक्षीस म्हणून मिळणारं तेलाचं पिंप कोणी लक्षात ठेवत नाही. गेट लक्षात ठेवतात. गावातल्या प्रत्येक घरात त्या गेटखाली काढलेला फोटो असतो, आणि प्रत्येक फोटोत वरच्या लाकडी पाटीवर नाव वाचता येतं. न्हाव्याच्या दुकानात असे सहा फोटो आहेत. दहाय केस कापायला महिन्यातून दोनदा जातो, आणि त्याला केस फारसे नाहीत.

मागच्या वर्षी बक्षीस देताना भोंग्यावरून पुकारलं, “लुआन दहाय उस्ताद आणि त्यांची मदतनीस.” त्याची बायको फेंग यालान खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा वाजू लागले. घरी येऊन तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला. ऑक्टोबरात नावनोंदणी सुरू झाली तेव्हा जेवताना म्हणाली, “म्हाताऱ्या, यंदा मी वेगळी उभी राहतेय. दोउदोउला घेऊन.”

दोउदोउ ही त्यांची नात, सात वर्षांची. सुट्टीला दालियनहून येते.

“कशाला?” दहाय म्हणाला.

“मला काय येतं ते बघायचंय.”

“तुला घासता येतं.”

“हो ना. त्याशिवाय काय येतं, ते.”

घासणं ही यालानची बाजू होती. तो कोरून बाजूला झाला की ती काचपेपर घेऊन बसायची, मग ओल्या फडक्याने, मग शेवटी उघड्या तळहाताने. लोक म्हणायचे, लुआन उस्तादांचा बर्फ आतून पेटल्यासारखा दिसतो. ती चमक कुठून येते हे दोघांनाही माहीत होतं. त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नव्हतं, कारण त्याची गरज पडली नव्हती.

नोव्हेंबरात स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याला पांढऱ्या मुळ्यात कोरलेला हंस दिसला. वीतभर, मान उंच, चोच किंचित उघडी, जणू कोणावर तरी फिसकारतोय. इथल्या प्रत्येक अंगणात असे जिवंत हंस पाळलेले आहेत आणि प्रत्येक पोराला ते कधी ना कधी चावलेत. दहायने तो हातात घेतला, उलटसुलट केला, मानेच्या वळणावर नख फिरवलं. दुपारी यालान बाजारातून आली तेव्हा मुळा आंबट कोबीच्या सूपमध्ये शिजत होता.

“खिडकीतला होता तो,” ती म्हणाली.

“सुकत चालला होता.”

तिने वाटी भरून घेतली आणि खाल्लं. दुसऱ्या दिवशी खिडकीत दुसरा मुळा होता. त्याची मान आणखी चांगली होती.

एवढ्यावर दहायला झोप लागायची बंद झाली असं म्हणता येणार नाही. तो झोपायचा. पण उठल्याबरोबर त्याला पहिल्यांदा ती पाटी आठवायची. पाटीवर ‘लुआन’ नाही, ‘फेंग’ लागणार होतं. पस्तीस वर्षं एका छपराखाली राहूनही तिचं माहेरचं नाव फेंगच होतं, जसं इथल्या सगळ्या बायकांचं असतं. आजवर त्याला त्याची कधी अडचण वाटली नव्हती.

स्पर्धेच्या त्या सकाळी सातच्या सुमारास कोउ ट्रॅक्टर घेऊन आला. जत्रेसाठी नदीवरून लाद्या ओढून आणणं आणि उतरवणं हे त्याचं काम. चाळिशीचा, कायम सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. यालानची लादी उतरवताना साखळी सरकली आणि लादी कुशीवर बसली. कोउने खाली उतरून बघितलं.

“लुआनदादा, वहिनींची लादी आडवी पडली बघा. खाच मागे गेली, ढिगाकडे. उभी करतो, जरा हात लावा.”

दहाय उठला नाही. आपल्या लादीच्या कडेवर फूटपट्टी धरून म्हणाला, “राहू दे. तिला तशीच हवीय.”

“आडवी?”

“आडवी.”

“बसलेलं काही तरी करणार असतील,” कोउ म्हणाला आणि बी थुंकून ट्रॅक्टरवर चढला. “तुमच्या घरात काय शिजतंय कोणाला कळणार. नवरा इकडे, बायको तिकडे. मध्ये मी रस्ता.”

आठ वाजता यालान आली. डोक्याला जांभळा मफलर, हाताला धरून दोउदोउ, खांद्यावर हत्यारांची पिशवी. पिशवी नवीन होती. तिने लादीचा वरचा पृष्ठभाग झाडला, वाकून बघितलं, पुन्हा झाडला. मागची बाजू वारा अडवायला रचलेल्या बर्फाच्या ढिगाला टेकलेली होती.

“म्हाताऱ्या,” तिने हाक मारली, “माझ्या लादीवर खाच दिसत नाही.”

आतापर्यंत जे झालं ते एका वाक्याने परत घेता आलं असतं. दहायचा मुलगा चाओ, जो यंदा त्याचा जोडीदार होता, शेजारी उभा राहून फोनवर बोलत होता. दहायने त्याच्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

“ओढताना घासली गेली असेल. कधी कधी जाते.”

“बरोबर आहे ना पण?”

“बरोबर आहे.”

यालानने मान हलवली आणि दोउदोउला खडू दिला. लादी लावणाऱ्याचा शब्द मिळाला होता. गावात त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा शब्द चालत नव्हता.

पहिला दिवस करवतींचा असतो. दुसऱ्या दिवशी आकार दिसू लागतात आणि लोक येतात. आजोबांच्या खांद्यावर पोरं, घसरगुंडीला रांग, भट्टीतल्या भाजक्या रताळ्यांचा वास. तिकिटासोबत प्रत्येक पोराला साखरेच्या पाकातल्या आंबट लाल फळांची काडी मिळते. फळं खाऊन झाली की उरलेली काडी ज्याचं काम आवडलं त्याच्यापुढच्या बर्फात खोचायची. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे काड्यांचे.

दहाय घोडा कोरत होता, कारण पंचांगाप्रमाणे हे वर्ष घोड्याचं होतं. पुढचा एक पाय उचललेला, आयाळ मागे. चांगला घोडा होता. मैदानातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं आणि ते बघायला मोठी माणसं थांबत होती. पोरं थांबत नव्हती. पोरं समोर होती.

समोर दोउदोउ ओरडून सगळ्यांना सांगत होती, “हा आमच्या आजीला चावलेला हंस आहे. इथे चावला होता,” आणि आजीच्या पार्श्वभागाकडे बोट दाखवत होती. यालान मान वर न करता म्हणाली, “कोट रुईचा होता म्हणून वाचले. नाहीतर आज उभं राहूनच जेवावं लागलं असतं.” बायका हसल्या. हंसाची मान आता मोकळी झाली होती, मनगटापेक्षा थोडी जाड, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यातून गुलाबी उजेड आरपार जात होता.

“बाबा, छिन्नी,” चाओ म्हणाला.

“काय?”

“कधीची एकाच जागी मारताय. कान जाईल घोड्याचा.”

दहायने छिन्नी खाली ठेवली. “तुझी आई मान फार बारीक करतेय.”

“सांगा मग तिला.”

“मी कशाला सांगू? स्पर्धक आहे ती.”

चाओ हसला. त्याला हे विनोदी वाटलं. दहाय मात्र समोरच्या काड्या मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने आपल्या मोजल्या. मग पाणी आणायचं निमित्त काढून हंसाच्या मागच्या बाजूने फेरी मारली आणि बघितलं की शेपटी अजून ढिगात रुतलेली आहे, खाच झाकलेली आहे. तो परत येताना यालानने त्याच्याकडे बघून विचारलं, “कशी वाटतेय?”

“मान जाड हवी होती.”

“तुला काय, तुला सगळंच जाड हवं,” ती म्हणाली. “पाय बघ तुझ्या घोड्याचे. बॉयलरचे पाइप.” पण हे म्हणताना ती खूश होती. त्याने थांबून बघितलं, एवढं तिला पुरे होतं. त्याला ते दिसलं आणि त्याला आणखी राग आला.

तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. परीक्षक दुपारी येणार होते. दहाच्या पुढे ऊन थेट हंसाच्या मानेवर आलं. यालान तळहाताने पाठ घासत होती, दोउदोउ पायाशी बसून हंसाशेजारी कोरलेल्या छोट्या पिल्लाला डोळे करत होती. आवाज फार झाला नाही. पातळ काच तडकावी तसा. मान गळ्यापाशी आडवी फाटली आणि डोकं यालानच्या हातावरून घसरून खालच्या भुसभुशीत बर्फात पडलं. फुटलं नाही.

लोक गोळा झाले. यालानने डोकं उचलण्याआधी तुटलेल्या जागी बोट फिरवलं. काड्या दिसत होत्या, सरळ आडव्या, एकीवर एक, चुलीपाशी रचलेल्या सरपणासारख्या. ती वाकली, शेपटीमागचा बर्फ हाताने उकरला. खाच तिथेच होती.

कोउ राखेची गोणी घेऊन जात होता, तो थांबला. “गेली का? अरेरे. पण वहिनी, आडव्या लादीत मान कशी काढलीत? मला वाटलं, बसलेलं काही करणार. मी लुआनदादांना म्हणालो होतो, उभी करतो म्हणून. ते म्हणाले, तुम्हाला आडवीच हवीय.”

तो हे काहीही मनात न ठेवता बोलला. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला खाच म्हणजे काय ते माहीत होतं. सगळ्यांनी समोर, घोड्याकडे बघितलं. दहाय घोड्याच्या आयाळीवर फुंकर मारत होता. तिथे फुंकर मारण्यासारखं काही नव्हतं.

यालानने मफलर सोडला, पुन्हा बांधला.

“हो,” ती म्हणाली. “मलाच हवी होती. माझाच अंदाज चुकला. सरका जरा, ऊन नका अडवू, मला दिसत नाही.”

माणसं सरकली. कोणाचा विश्वास बसला नाही, पण विचारण्यासारखं काही उरलं नाही. टोफूवाला रेन, ज्याचं घर पलीकडे डुक्कर कोरत होतं, तेवढा पुटपुटला, “अशा लादीवर तर मी टोफूपण ठेवणार नाही.”

तिने छोट्या करवतीने मानेचा उरलेला भाग खाली उतरवला, पंख वरून पोखरला आणि डोकं त्यात निजवलं, चोच आत. बर्फाचा भुसा पाण्यात कालवून सांधा भरायला तिने बादली उचलली तर पाणी संपलं होतं. दहाय आपली बादली घेऊन समोर आला. गेल्या दोन तासांत तो पहिल्यांदाच जागेवरून हलला होता.

“पाणी,” तो म्हणाला.

यालानने बादलीकडे बघितलं. सांध्याला पाणी बर्फाइतकं गार लागतं, जरा कोमट असलं तरी लादी तडकते. तिने हातमोजा काढून बोट बुडवायला हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला.

“ठेव तुझ्याकडे,” ती म्हणाली. “चाओ, नदीवरून आण मला एक बादली.”

चाओ गेला. दहाय बादली घेऊन परत आपल्या जागी आला. पाणी गारच होतं. ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

दुपारी पोरं हंसापुढे हळू बोलत होती. दोउदोउने सगळ्यांना ताकीद दिली होती की तो झोपलाय. काड्या पडत राहिल्या. दहायने त्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. ताठ मानेचा हंस त्याला करता आला असता. असा, झोपलेला, त्याला सुचला नसता.

परीक्षकांनी मात्र सांधा बघितला आणि गुण कापले. घोड्याचे कापले नाहीत, पण घोड्यापुढे काड्या कमी होत्या. चारच्या सुमारास भोंग्यावरून निकाल लागला. तिसरा, लुआन दहाय. दुसरी, फेंग यालान. पहिलं, टोफूवाल्या रेनचं घर. त्यांचं डुक्कर पाठीवर पडलेलं होतं, तोंडावर हसू आणि पोटाची घसरगुंडी. कलाकुसर म्हणाल तर त्यात काही नव्हतं. काड्या एवढ्या होत्या की रेनच्या बायकोने त्यांची मोळी बांधली.

“आम्ही तर पोरांना बसायला काही तरी म्हणून केलं,” रेन सगळ्यांना सांगत फिरत होता. “आता गेट. गेट कसं करतात हो? उस्ताद, गेट कसं करतात?”

दहाय म्हणाला, “बघू.”

घरी यालानने डुकराचं मांस आणि आंबट कोबी भरलेली मोदकासारखी डंपलिंग्ज उकडली. गोठवलेली नासपती गार पाण्यात सोडून ठेवली होती, तिच्याभोवती बर्फाचं कवच धरलं होतं, ते दोउदोउ चमच्याने फोडत बसली होती.

“तुझी काडी कुठे खोचलीस ग?” चाओने तिला विचारलं. “आजीकडे की आजोबांकडे?”

“डुकराकडे.”

“का?”

“त्याच्यावर बसता येतं.”

दोघा म्हाताऱ्यांनी एकाच वेळी तिच्याकडे बघितलं. चाओला हसू आलं, पण त्याने तोंडात डंपलिंग भरून घेतलं.

पोरगी झोपल्यावर यालान भांडी घासायला उभी राहिली. दहाय मागे टेबलाशी होता.

“कोउला एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती,” तो म्हणाला.

तिने नळ बंद केला. “इतकी वर्षं तुझं काम मी शेवटी हातात घेतलंय. शेवटचा हात माझा. पाय पातळ असायचा, कान पातळ असायचा. एक दिवस, एकदाच, जरा जड हात पडला असता, तर कोणाला कळलं असतं?”

दहायने टेबलावरची उरलेली वाटी आणून तिच्याजवळ ठेवली.

“मला कधी सुचलंसुद्धा नाही,” ती म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला.

तो म्हणाला, “मान चांगली होती.”

“माहीत आहे मला.”

भांडी झाली. तिने हात पुसले, हातांना तूप लावलं. बर्फ घासून तिच्या तळहातांची कातडी पातळ झाली आहे, हिवाळ्यात चिरा पडतात.

“उद्या आपलं गेट उतरवायचंय,” दहाय म्हणाला. “चाओची गाडी सकाळी लवकर आहे. दोर धरायला माणूस हवं. रेनला सांगू का?”

“रेनला कशाला? मी येते.”

“तू?”

“या गेटची मदतनीस मीच आहे ना,” यालान म्हणाली. “पाटीवर नाव नाही, पण भोंग्यावर पुकारलं होतं. पुढचं रेन बघेल. पुढच्या स्पर्धेचं मी बघीन. माझी लादी मी लावीन आणि खाच मी बघीन.” आणि ती दिवा घालवून आत गेली.

उद्या कंदिलांची पौर्णिमा, जत्रेचा शेवटचा दिवस. दुपारी पोरं हातोड्या घेऊन येतील आणि घोडा, हंस, डुक्कर सगळं फोडतील, संध्याकाळी वर्षाची इडापिडा झाडायला रिवाजाप्रमाणे सगळं गाव नदीच्या बर्फावर लोळेल. त्याआधी, मैदान लोकांना उघडण्यापूर्वी, गेट खाली येतं. कोउचा ट्रॅक्टर साडेसातला पोचतो. पाटी सगळ्यात आधी काढतात.